सात नंबरची ऐरण

ठमी झोपायची ती ठोक्यांवर.

अंगाई गाऊन झाली होती, मांडीवर हलवून झालं होतं, तिच्या बापाने चाकणहून पाठवलेलं, पावसाचा आवाज काढणारं खेळणंही वाजवून झालं होतं. अकरा महिन्यांच्या त्या पोरीने सगळ्यांना पुरून उरून एकच गोष्ट मान्य केली होती. सकाळी साडेसहाला खाली ओसरीवर ऐरणीपाशी हातोडा सुरू व्हायचा, ठण ठण ठण ठण, आणि वर माडीवर हिच्या पापण्या जड व्हायच्या. ज्या आवाजाने आल्यागेल्या पाहुण्यांचं डोकं उठायचं, त्याच आवाजात करड्यांची ही नात दोन तास गाढ झोपायची. ऋजुताची आंघोळ, डबा, वेणी आणि विद्यापीठाचे अर्ज, एवढा सगळा संसार तिने त्या दोन तासांत बसवलेला होता.

गेल्या दीड महिन्यापासून त्या संसाराला दृष्ट लागली होती. ठमी मध्येच दचकून उठायची. भूक नाही, ओलं नाही, ताप नाही. उठायची आणि दाराकडे बघत राहायची, कुणीतरी बोलता बोलता मध्येच थांबल्यासारखी.

"दात येत असतील," शेजारणी म्हणायच्या. डॉक्टरही तेच म्हणाले. त्या न आलेल्या दातांना ऋजुताने मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं होतं.

त्या सोमवारीही पोर सात वाजताच उठली. ऋजुता तिला कडेवर घेऊन एका हाताने एकतिसाव्या क्रमांकाचा अर्ज भरत होती. 'भागीदार वस्तीतील नागरिकांचे समाधान : एक ते दहा.' तिने सगळ्यांना सात दिले. दहा दिले की विद्यापीठातून शंका काढायचे, आणि पाच दिले की कारणं लिहायला आणखी एक अर्ज यायचा.

कुंभेरीच्या तांबट आळीची ती सून आणि कुंभेरी विद्यापीठाची समाज-समन्वयक. दर अकरा महिन्यांनी नव्याने नेमणूक. विद्यापीठाची आळीशी 'भागीदारी' होती. तसा फलकच आळीच्या तोंडाशी लावला होता. त्यावर विद्यापीठाचं नाव हाताएवढ्या अक्षरांत होतं आणि आळीचं बोटाएवढ्या. माळावर विद्यापीठ उभं राहिलं त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून आळीतल्या बायकांना घरात चूल आहे की गॅस, हे एकोणीस वेळा विचारून झालं होतं. ज्यांच्या मुली त्याच विद्यापीठात एम.ए. करत होत्या त्यांनाही विचारलं, मुलगी शिकते का म्हणून.

विद्यापीठ वाईट नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. वाईट असतं तर चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण आळीत चोवीस तास पाणी आलं ते विद्यापीठामुळेच.

त्याची गोष्ट अशी. इंटरनेटसाठी आळीच्या फरशीखालून काचेची तार गेली होती, केसाएवढी बारीक. पदार्थविज्ञान विभागातल्या डॉ. पर्वते बाईंनी तिच्या एका टोकातून प्रकाशाच्या ठिणग्या सोडायला सुरुवात केली, सेकंदाला हजारो. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक दोष राहतातच, आणि प्रत्येक दोषावरून थोडा प्रकाश मागे परततो. वर जमीन हादरली, की तार कणभर ताणली जाते, केसाच्या हजाराव्या भागाइतकी, आणि परतणारा प्रकाश तेवढा बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून हादरा नेमका कुठे बसला तेही कळतं. म्हणजे तीच तार आळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेला कान झाली. त्या कानाने पहिल्या महिन्यात पाण्याच्या नळांच्या सतरा गळत्या दाखवल्या. कागदोपत्री नाव 'भूश्रवण प्रकल्प'. आळीने त्याचं नाव ठेवलं कानोबा. बायका फरशीवर पाणी शिंपडताना म्हणू लागल्या, "कानोबा, जरा सरक रे बाबा."

पण कानोबा गळतीवर थांबला नाही. आळीत अजून अकरा ऐरणी चालत होत्या, आणि त्यांचे ठोके त्याला आपसूक ऐकू येत होते.

अर्ज धाडून होतो न होतो तोच फोन वाजला. पर्वते बाई होत्या. "ऋजुता, आत्ता येतेस? बाळाला घेऊन आलीस तरी चालेल."

*

पर्वते बाईंच्या टेबलावर एका बाजूला शेंगदाण्यांची वाटी आणि दुसऱ्या बाजूला पडदा असायचा. त्यांनी वाटी आधी ठमीपासून लांब सरकवली आणि मग पडदा ऋजुताकडे वळवला. पडद्यावर ठिपक्यांच्या दोन रांगा होत्या.

"ही वरची रांग बघ. तांबट मठार करतो, म्हणजे भांड्यावर तो एकाशेजारी एक ठोका मारत जातो. दोन ठोक्यांमधलं अंतर घड्याळासारखं असतं. चाळीस वर्षांचा हात असतो तो. आता खालची बघ."

खालच्या रांगेतही ठिपके नीटच होते. मग एक किंचित उशिरा. मग दोन घाईघाईने. मग पुन्हा नीट.

"कानाला हे कळणार नाही," पर्वते बाई म्हणाल्या. "डोळ्यालाही नाही, सहसा दोन-तीन वर्षं. पण यंत्राला कळतं. कंपवाताची सुरुवात अशीच होते. मेंदूतल्या काही पेशी मरायला लागतात आणि हाताचा ताल तुटायला लागतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. नवं औषध उरलेल्यांना वाचवतं, म्हणून ते हाताची थरथर वाढायच्या आत सुरू करावं लागतं. आपल्या रुग्णालयात भागीदार वस्त्यांसाठी बारा जागा आहेत. अकरा भरल्या. शुक्रवारी दुपारी बाराला यादी बंद."

"कुठली ऐरण?" ऋजुताने विचारलं. विचारतानाच तिला उत्तर कळलं, कारण बाई शेंगदाणे खायच्या थांबल्या होत्या.

"सात नंबर."

सात नंबर म्हणजे तिचंच घर. ऐरणीपुढचं नाव मनोहर करडे. तिचे सासरे, तात्या.

नियम असा होता, की अशी बाब समन्वयकाने कुटुंबप्रमुखाला लेखी कळवायची, पोच घ्यायची, आणि पोचेची प्रत कुटुंबातल्या एका सज्ञान व्यक्तीला टपालाने पाठवायची. ऋजुताने उपकुलसचिव गुंजीकरांना विचारलं, की समन्वयक मी, सज्ञान व्यक्तीही मीच, तर टपाल गाळलं तर चालेल का.

"मॅडम, तुमची भावना पोचली," गुंजीकर म्हणाले. "पण प्रत जायला हवी."

तिने स्वतःच्या पत्त्यावर, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीचं पत्र टाकलं. ते गुरुवारी पोचलं, तोवर त्यातला मजकूर खोटा ठरला होता.

*

त्याआधी, सोमवारीच संध्याकाळी, तात्यांनी आपल्या नावाचं मूळ पत्र चष्मा लावून एकदा आणि चष्मा काढून एकदा वाचलं.

"माझा हात?" ते म्हणाले. "अंबे, पेला आण गं."

अंबू आत्या म्हणजे तात्यांची धाकटी बहीण. लग्न जुळलं नाही, भावाच्या घरीच राहिली. सासूबाई गेल्यापासून घर तिच्याच हातावर होतं. ती ठमीच्या झबल्याचं बटण लावत बसली होती. "हे मेलं बटण इतकं बारीक कशाला करतात कोण जाणे," असं म्हणत तिने ते तसंच सोडलं आणि पेला आणून ठेवला. तात्यांनी तो काठोकाठ भरून तळहातावर उभा धरला. पाणी हललं नाही.

"सांग तुझ्या कानोबाला."

"तात्या, हे दिसायच्या आधीचं असतं."

"दिसत नाही ते आहे, आणि दिसतं ते नाही. बरं शास्त्र आहे."

ऋजुताने भांडायची तयारी केली होती. याच माणसाने मोतीबिंदूसाठी तीन वर्षं डॉक्टरांना दाराबाहेर ठेवलं होतं. पण तात्या थोडा वेळ आत्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "केव्हा जायचं?" एवढ्या लवकर ते कधी देवळातही जायला तयार झाले नव्हते. आत्या ठमीला घेऊन परसात गेली.

बुधवारी विद्यापीठाच्या रुग्णालयात तात्यांना एमआरआयच्या नळीत घातलं, चालवलं, बोटं जुळवायला लावली, कागदावर गोगलगाईसारखी वळणं काढायला लावली. संध्याकाळी अहवाल आला. हात साफ, मेंदू साफ, रक्तदाब मात्र वाढलेला, तो समन्वयकांनी आणला असावा, असं तात्या म्हणाले. त्यांनी येता येता अर्धा किलो पेढे घेतले आणि आळीत घरोघर वाटले. पण घरी आल्यावर त्यांनी स्वतः एकही खाल्ला नाही.

गुंजीकरांचा संदेश रात्रीच्या जेवणाआधी हजर झाला. यंत्राचा निष्कर्ष चुकीचा ठरल्याने सात नंबरसाठी राखलेली जागा शुक्रवारी दुपारी दुसऱ्या वस्तीला देण्यात येईल. तांबट आळीतील आरोग्य-श्रवण थांबवावे काय, यावर पुढच्या महिन्यात समिती विचार करेल. सोबत अर्ज क्रमांक बत्तीस : 'चुकीच्या निष्कर्षामुळे झालेला मनस्ताप, एक ते दहा.'

ऋजुताने फोन पालथा घालून ठेवला.

*

गुरुवारी सकाळी ठमी पुन्हा दचकून उठली.

"काय गं बाई," ऋजुता तिला थोपटत म्हणाली, "काय होतं तुला?" आणि नेमकं तेव्हाच तिने पहिल्यांदा नीट ऐकलं. ठण ठण ठण ठण. ठण. मग मध्येच एक पोकळी. मग ठठण, घाईघाईने, उशीर झालेल्या माणसाने पायऱ्या चढाव्यात तसं. ठमीने मान वळवून दाराकडे पाहिलं.

यंत्राला जे ऐकू येतं ते हिलाही येत होतं. दीड महिना ही पोर तेच सांगत होती आणि आई तिच्या हिरड्यांना औषध चोळत होती.

ती पोरीला घेऊन जिना उतरली. ओसरीच्या कोपऱ्यात तात्यांची चप्पल नव्हती. ते रोजच्यासारखे टेकडीवर फिरायला गेले होते. तिथून देऊळ, मग वाचनालय, नऊला परत. ऐरणीपाशी पदर खोचून आत्या बसली होती. मांडीशी एक घंगाळ, उजव्या हातात हातोडा.

यात नवीन काहीच नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून सहा वर्षं ऋजुता हे बघत होती. आत्या सकाळी 'थोडं पुढं ढकलून ठेवते' आणि दुपारी तात्या 'बसतात', असंच घरात बोलायची पद्धत होती. बायका ऐरणीवर बसत नाहीत, असं आळीतला प्रत्येक जण सांगायचा. आळीतल्या निम्म्या घरांत सकाळी त्या बसलेल्या असायच्या. ही लबाडी नव्हती. आपण श्वास घेतो, हे जसं कुणी कुणाला सांगत नाही, तसंच ते होतं.

आणि दोन वर्षांपूर्वी ऋजुताने स्वतःच्या वळणदार अक्षरात सर्वेक्षणाचा अर्ज भरला होता. 'ऐरण क्रमांक सात. कारागीर : मनोहर करडे. कुटुंबातील इतर : अंबिका, वय ५९, घरकाम.' तेव्हा तिचा हात क्षणभरही अडला नव्हता.

दुपारी आळीतून टेम्पो, दुचाकी, पाण्याच्या मोटारी सगळं चालू असतं. तो गोंगाट नको म्हणून यंत्र फक्त सकाळचेच ठोके हिशेबात धरायचं. म्हणजे तात्यांचा हात त्याने कधी ऐकलाच नव्हता.

"आत्या."

"उठली का माझी ठमाबाई?" आत्याने हातोडा खाली ठेवला. ठेवताना त्याचा दांडा फरशीवर बारीकसा वाजला, टकटकटक, आणि तिने तो दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"कधीपासून होतंय हे?"

आत्याने पदराने घंगाळ पुसलं. मग पुन्हा पुसलं. "दिवाळीपासून म्हण. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा वाटलं डोळे गेले."

"पत्र आलं त्या दिवशीच कळलं होतं तुम्हाला."

"कळलं."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? ऐरण दादाची. विद्यापीठाच्या संग्रहालयात तो बंब ठेवलाय काचेत, त्याखाली नाव दादाचं. मी म्हणू, की हात माझा? उद्या लोक म्हणतील, मनोहर करडे बहिणीच्या जिवावर कारागीर झाला. आणि तसं नाहीये गं. आकार त्याचाच असतो. मी नुसती ठोके मारते."

"नुसते ठोके," ऋजुता म्हणाली. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग, आणि राग कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. "आत्या, माझी पोर तुमच्या नुसत्या ठोक्यांवर जगते. एक ठोका चुकला तर तिला कळतो. दोन वर्षांनी तुम्हाला तिचा घास धरता नाही आला, तर मी तिला काय सांगू? अर्जात कारागिराचा रकाना एकच होता म्हणून?"

ठमीने हात पसरले. आत्याने तिला घेतलं, आणि पोरीने सवयीने तिच्या उजव्या हाताचा अंगठा मुठीत पकडला. ती बारीक थरथर त्या मुठीत गेली आणि तिथेच जिरली.

"आण तुझा कागद," आत्या म्हणाली. "माझं तपासायचं ते तपासा. इतके दिवस ऐकतंच आहे मेलं, अजून ऐकू दे. पण ऐरणीवर कोण बसतं ते दादा स्वतः म्हणाला तरच लिहायचं आणि तरच आळीत बोलायचं. तू त्याला म्हणायला लावायचं नाहीस."

*

"रकाना एकच आहे, मॅडम," गुंजीकर म्हणाले.

"म्हणून तर चूक झाली. आमच्या आत्यांची नेहमीची तपासणी करा, त्यांचा हात थरथरताना दिसतोय मला."

"तुम्हाला दिसतोय. जागा मात्र यंत्राच्या निष्कर्षावर राखलेली आहे. निष्कर्ष सात नंबरच्या कारागिराचा. कारागीर बदलायचा तर कुटुंबप्रमुखाचा अर्ज हवा, की ऐरणीवर अमुक व्यक्ती बसते. शिवाय त्या व्यक्तीच्या ठोक्यांचा स्वतंत्र नमुना. नाहीतर उद्या कुणीही आपल्या आत्याला घेऊन येईल."

"यावं की. भागीदारीच आहे ना?"

गुंजीकरांनी तिच्याकडे दमल्या डोळ्यांनी पाहिलं. माणूस दुष्ट नव्हता. त्यांच्या टेबलावर नऊ वस्त्यांच्या फायली होत्या आणि पंख्याखाली त्या उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक दगड. "उद्या बारापर्यंत आणा," ते म्हणाले. "मी इथे बसून राहतो. माझ्या हातात तेवढंच आहे."

बाहेर पर्वते बाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. "सेकंदाला हजारो ठिणग्या सोडल्या आम्ही," त्या म्हणाल्या, "आणि ऐरणीवर कोण बसतं, हे एकदाही विचारलं नाही."

"तुम्ही विचारलं होतं, मॅडम. मीच चुकीचं लिहिलं."

पर्वते बाई म्हणाल्या, "नमुन्याची एक अडचण आहे. शेजारच्या ऐरणींचे ठोके मिसळतात. यंत्र रोजच्या ढिगातून ते वेगळे काढतं, पण पुरावा म्हणून समितीला स्वच्छ नमुना लागेल. सकाळी पंधरा मिनिटं फक्त सात नंबर. बाकी आळी गप्प."

तांबट आळी गप्प होते ती एकाच कारणाने. आळीत कुणी गेलं, की पहिल्या घराचा हातोडा थांबतो, मग दुसऱ्याचा. निरोप द्यायला माणूस धाडावा लागत नाही; शांतता घरोघर पोचते. जिवंत माणसासाठी आळी कधी थांबली नव्हती.

*

संध्याकाळी ती पोरीला पाठीशी बांधून दारोदार फिरली. पहिल्या घराने म्हटलं, सकाळच्या पारी ठोके बंद म्हणजे अपशकुन. दुसऱ्याने विचारलं, विद्यापीठाला आता शांततासुद्धा हवी का. तिसऱ्याने समाधान एक ते दहामध्ये किती, हे न विचारताच सांगितलं. समोरच्या घरातले भाऊकाका वडके आळीत सगळ्यांत वडीलधारे. त्यांचा एक शब्द पुरला असता. ते सुपारी कातरत म्हणाले, "सूनबाई, पाणी दिलंत, उपकार झाले. पण कुणासाठी थांबायचं, ते आळी ठरवते. कारण सांग."

कारण सांगायला तिला बंदी होती. आत्या दत्ताच्या देवळात गेली होती, आणि तिचा शब्द ऋजुताच्या जिभेवर बसला होता.

"मी सांगतो," मागून आवाज आला.

तात्या पायरीखाली उभे होते. हातात टोपी. टोपी काढलेले तात्या तिने सासूबाई गेल्या तेव्हाच पाहिले होते.

"भाऊ," ते म्हणाले, "माझ्या ऐरणीवर सकाळी माझी बहीण बसते. सव्वीस वर्षं. संग्रहालयातल्या बंबावरचे बारा आणे ठोके तिचे आहेत. तिचा हात बिघडलाय. दिवाळीपासून तिच्या चुकलेल्या ओळी मी दुपारी परत मारतोय. मला वाटलं, वय झालं. पत्र आलं तेव्हा वाटलं, माझ्यातच निघू दे. निघालं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "नाही निघालं."

ऋजुताला त्या न खाल्लेल्या पेढ्याचा अर्थ आता लागला.

भाऊकाकांनी अडकित्ता बाजूला ठेवला. "हे सांगायला टोपी काढलीस होय? मला वाटलं काहीतरी नवीन असेल."

"म्हणजे?"

"अरे, तुझा ठोका जड. अंबूचा मोकळा. भिंतीपलीकडून बारक्या पोरालाही कळतं. तिचा हात अडखळतोय हेही ठाऊक होतं. आमच्या घरचीने गेल्या महिन्यात तुमच्याकडे मठाराला यायचा मोठा हंडा परत नेला, तो काय उगाच? तिला झेपायचा नाही म्हणून."

"मग कुणी बोललं का नाही, काका?" ऋजुताचा आवाज तिला नको होता तेवढा चढला. "अख्ख्या आळीला माहीत. खाली तार, वर यंत्र, एकोणीस सर्वेक्षणं. आणि एक माणूस बोलला नाही?"

"सूनबाई, तुमच्या कागदावर विचारलं होतं, चूल आहे का गॅस आहे," भाऊकाका शांतपणे म्हणाले. "आणि मनोहरची झाकली मूठ आम्ही कशी उघडणार? त्यानेच उघडायला हवी होती. आता उघडली. जा, बाकीच्या नऊ घरांना मी सांगतो."

तात्यांनी घरी येऊन अर्ज लिहिला. 'कारागीर' या शब्दापुढे त्यांनी दोन नावं लिहिली, आणि पहिलं नाव बहिणीचं. रकान्यात दोन मावत नव्हती. दुसरं समासात गेलं.

*

शुक्रवारी आत्या नेहमीसारखी साडेसहाला ओसरीवर आली. पदर खोचला, घंगाळ ऐरणीवर चढवलं, हातोडा उचलला आणि तशीच थांबली.

आळीत आवाज नव्हता. कुठेच नव्हता. नळाची धार बंद होती, कुणाची सायकलही हलत नव्हती. आत्याने समोरच्या दाराकडे पाहिलं, मग शेजारच्या.

"ऋजू," ती हळूच म्हणाली, "कोण गेलं गं?"

"कुणी नाही, आत्या." ऋजुता जिन्याच्या पायरीवर ठमीला खांद्यावर घेऊन बसली होती.

तात्या आतून आले. आज ते टेकडीवर गेले नव्हते. "कुणी नाही गेलं," ते म्हणाले. "तू मार. आज आळी तुझं ऐकणार आहे."

आत्याने भावाकडे पाहिलं. समोरच्या ओसरीवर भाऊकाका हात बांधून बसले होते, पुढे सहा नंबरवाले, आठ नंबरवाले, त्यांच्या बायका दारांत. "काय बाई एकेक थेरं," ती पुटपुटली आणि पदर पुन्हा खोचला, जो आधीच खोचलेला होता.

ठण ठण ठण ठण.

इतक्या वर्षांत तो आवाज असा एकटा कधीच निघाला नव्हता. तो फरशीत शिरला, भिंतींवरून फिरला आणि आळीच्या टोकाला असलेल्या फलकापर्यंत जाऊन परत आला. मोकळा, भाऊकाका म्हणाले होते तसाच. मग ती पोकळी आली. अख्खी आळी त्या पोकळीत श्वास धरून बसली. ऋजुताच्या खांद्यावर ठमी हलली, डोळे उघडायच्या बेतात आली. ठठण, घाईने. आणि मग पुन्हा ठण ठण ठण ठण, आणि पोरीने डोकं आईच्या मानेत पुन्हा खुपसलं.

पंधरा मिनिटांनी ऋजुताच्या हातातला फोन थरथरला. पर्वते बाईंचा संदेश होता : नमुना मिळाला. तोच हात आहे. बाराची वाट बघू नकोस, त्यांना लगेच घेऊन ये, गुंजीकर सहापासून येऊन बसलेत. खाली अर्ज क्रमांक तेहेतीस जोडलेला होता. ऋजुताने तो न उघडताच फोन पदराखाली सरकवला.

"झालं का ऐकून?" आत्याने विचारलं.

"झालं, आत्या. निघायचंय आपल्याला."

"निघू. आधी हे संपवते, दोन ओळी राहिल्यात." तिने घंगाळ वळवून घेतलं, मग मान वर करून समोरच्या दारांकडे पाहिलं. "आणि तुम्ही काय सुतक धरून बसलात? जिवंत आहे मी. मारा की ठोके, पोर जागी होईल माझी."

भाऊकाकांनी बाजूचा हातोडा उचलला. त्यांचा पहिला ठोका पडला, मग सहा नंबरचा, मग आठचा, आणि बघता बघता अकराच्या अकरा ऐरणी एकमेकींत मिसळून गेल्या.